बाईसाहेब का अडल्या

सातव्या गोळीला बाईसाहेब अडल्या.

बाईसाहेब म्हणजे रायफल. सुभेदार दोरुगडे, म्हणजे आमच्या क्लबातल्या लहानथोरांचे आबा, यांची चौऱ्याऐंशी सालची पॉइंट टू-टू. अक्रोडी लाकडाचा दस्ता, त्याला इतकी वर्षं गाल टेकून टेकून आलेली चकाकी, आणि सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एकदा चाप ओढला की गोळी सुटते, रिकामं काडतूस आपलं आपण बाहेर उडतं आणि पुढचं आपलं आपण आत येऊन बसतं. बसायला पाहिजे. त्या गुरुवारी, डिसेंबरातल्या आजऱ्याच्या थंडीत, सकाळी सात वाजता ते उडालंच नाही. म्हाताऱ्याच्या ओठात विझलेली विडी लोंबावी तसं फटीत अडकून राहिलं.

"लिव्ह," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी लिहिलं. आबांची. गोळी सातवी. अडली.

तेव्हा मी नववीत होते. आता बारावीत आहे आणि मला गप्प बसवायचं असेल तर घरातल्यांना काहीतरी लाच द्यावी लागते, पण त्या वेळची शाल्मली कुराडे वेगळीच होती. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणताना घसा बसायचा. वक्तृत्व स्पर्धेत व्यासपीठावर चढले, नमस्कार केला आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरून थेट घरी गेले. आईनं मला रायफल क्लबात घातलं ते, तिच्या शब्दांत, "तिथं बोलायला लागत नाही" म्हणून. आणि खरंच लागत नव्हतं. काजूच्या बागेमागे मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे पत्र्याची शेड, पालथं पडायचं, श्वास धरायचा आणि कागदावरच्या काळ्या ठिपक्याकडे बघायचं. जगातली पहिली जागा, जिथं माझं गप्प असणं हा गुण होता. अक्षर चांगलं म्हणून नोंदवहीही माझ्याकडे आली. आबा मला कारकूनबाई म्हणायचे.

आता त्या डिसेंबरात आमचं काय चाललं होतं ते सांगते. क्लबात दर सव्वीस जानेवारीला पत्रेपाडणी व्हायची. बशीएवढे लोखंडी पत्रे, सहा, पंचवीस मीटरवर, आणि दहा सेकंदांत पाडायचे. त्याला सेमी लागते, दर गोळीला हातानं बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, ओढत बसलं तर तिसऱ्या पत्र्यालाच वेळ संपतो. क्लबाच्या परवान्यावर अशी एकच रायफल ठेवता येत होती आणि द्यायला दोघं तयार होते, दोघंही फुकट. एक आबा, कारण त्यांचा पुण्याचा मुलगा पंच्याहत्तरीनंतर घरात हत्यार नको म्हणून हटून बसला होता. दुसरे दातांचे डॉक्टर शिंत्रे, कारण त्यांनी दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली नवीकोरी रायफल कपाटात धूळ खात होती. काळ्या प्लॅस्टिकचा दस्ता, वजनाला हलकी. आबा तिला "डॉक्टरांची कवळी" म्हणायचे आणि डॉक्टर त्यावर मनापासून हसायचे.

जी क्लबात राहील ती राहील. दुसरी कोल्हापूरला विक्रेत्याकडे जमा होणार.

आमचे सचिव इंजल सर, निवृत्त मुख्याध्यापक, परीक्षेशिवाय त्यांना जगच कळत नसे. त्यांनी परीक्षा ठरवली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रोज सकाळी प्रत्येक रायफलीतून पन्नास गोळ्या, निम्म्या आबांनी झाडायच्या, निम्म्या डॉक्टरांनी. किती वेळा अडली ते लिहायचं. नेम किती जवळजवळ बसतो ते मोजायचं. पुढं सांभाळायला कुठली परवडेल ते बघायचं. आणि रविवारी निकाल. यात एक नियम आबांनी स्वतः घालून घेतला होता, चार माणसांत, मिशीवर हात फिरवत: जी जशी आहे तशी उतरवायची, परीक्षा संपेपर्यंत कुणी रायफल खोलायची नाही, पुसायचीही नाही. त्यांना बाईसाहेबांचा तेवढा भरवसा होता.

त्या गुरुवारी बाईसाहेब पन्नासात सात वेळा अडल्या. डॉक्टरांची एकदाही नाही.

आबांनी प्रत्येक वेळी काडतूस नखानं काढलं, प्रत्येक वेळी "लिव्ह" म्हणाले. सातव्यांदा तेवढंही म्हणाले नाहीत, नुसता हात हलवला. मग शेडच्या खांबाला टेकून त्यांनी तपकिरीची डबी काढली. डॉक्टर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, थंडी आहे आबा, माणसाचे सांधे धरतात, हिचेही धरले असतील. आबांनी एक चिमूट नाकात कोंबली आणि म्हणाले, मी सियाचीनची थंडी काढून आलोय, पण एवढ्या वर्षांत हिला कधी अडताना बघितलं नाही.

मी घरी आले ती आंघोळीला उशीर झाला म्हणून आईची बोलणी खात. न्हायचा दिवस होता. आईनं नेहमीप्रमाणे तेलाची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवली होती. हिवाळ्यात करतातच. खोबरेल गोठतं ना. बाटलीत खाली पांढरा दगड आणि कडेनं वितळलेली धार. आई म्हणाली, जरा थांब, सुटू दे, आत्ता कसं बाहेर यायचं ते, घट्ट धरून बसलंय.

मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. मला एकदम दसरा आठवला.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा असते. सगळ्या रायफली सतरंजीवर ओळीनं मांडायच्या, हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं, नारळ. त्या वर्षी आबांनी मला मान दिला होता. बाईसाहेबांना पूजेआधी तेलाचा हात तू फिरव, म्हणाले. आबांनी बाईसाहेबांना कुणाला हात लावू दिला होता असं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला रायफलीच्या तेलाची चपटी बाटली दिली, बोल्ट उघडून दाखवला, आणि कुणी हाक मारली म्हणून गेले. बाटलीत थेंबभर तेल होतं. थेंबभर! बाईसाहेबांना! मला ते अगदी कसंतरी वाटलं. आणि पिशवीत, दिव्यासाठी म्हणून आईनं दिलेली खोबरेलाची बाटली होती. आमच्या घरात खोबरेल डोक्याला, तसंच ते शिलाई मशीनला, दाराच्या बिजागरीला, सायकलच्या साखळीला, भाजलेल्या बोटाला. आईच्या मते त्यानं न होण्यासारखं काही नाही. मी कान कोरायच्या कापसाच्या काड्या बुडवून बुडवून बाईसाहेबांच्या आत, बोल्टच्या मागे, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, जिथं जिथं काडी पोचली तिथं तिथं तेल घातलं. जीव लावून घातलं. ऑक्टोबरच्या उन्हात बोल्ट कसा लोण्यासारखा सरकला. आबांना दाखवला तर म्हणाले, शाब्बास.

आणि दुसऱ्याच दिवशी निवडणुकीची आचारसंहिता लागली. परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, ती डिसेंबरच्या मध्यालाच परत मिळाली. तोवर बाईसाहेब ठाण्याच्या खोलीत होत्या, पोटात माझं खोबरेल घेऊन. आबांचं नाक तपकिरीनं कधीच निवृत्त झालेलं, त्यामुळे त्यांना वासही आला नाही. आणि खोलायची नाही हा नियम त्यांचाच.

सांगायला हवं होतं. तेव्हाच, ओल्या केसांनी धावत जाऊन. पण आबांचा एक नियम सगळ्यांना पाठ होता, हत्याराशी हयगय केली त्याला रेंजचं दार बंद. मागच्या वर्षी अकरावीतल्या एकानं गंमत म्हणून रिकामी रायफल मित्राकडे रोखली होती. आबा त्याला ओरडलेसुद्धा नाहीत. त्याची गुणांची वही परत दिली आणि सायकलपर्यंत सोडून आले. तो परत कधी आला नाही. मला सायकलपर्यंत सोडायला येणारे आबा दिसायला लागले. रेंज गेली की माझ्याकडे काय उरणार होतं? "उपस्थित" म्हणताना बसणारा घसा.

शुक्रवारी बाईसाहेब सहा वेळा अडल्या. मी सहा वेळा लिहिलं. शनिवारी परत सहा वेळा. त्या दिवशी उशीर झाला म्हणून शेवटच्या दहा गोळ्या ऊन चढल्यावर झाल्या आणि त्यांत एकही अडली नाही. इंजल सर म्हणाले, विचित्र आहे. मी वहीत डोकं घालून बसले.

रविवारी सकाळी शेडमध्ये सगळे जमले. सभासद सात, शिवाय मी. सरांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. डॉक्टरांची रायफल, गोळ्या दीडशे, अडली एकदा. आबांची, गोळ्या दीडशे, अडली एकोणीस वेळा. अक्षर माझंच होतं, आणि सरांच्या आवाजात ऐकताना मला ते कुणाच्या तरी प्रगतीपुस्तकासारखं वाटत होतं.

"म्हातारी झाली," आबा म्हणाले. "माझ्यासारखीच. करा सही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, सही करू नका."

हे मी म्हणाले. मला ते ऐकू आलं आणि मग कळलं की मीच म्हणाले. आठजणांची, म्हणजे माझ्यासकट सगळ्यांची, तोंडं माझ्याकडे वळली असं मला वाटलं.

"का गं कारकूनबाई," आबा म्हणाले, "बेरीज चुकली का काय?"

मी सगळं सांगितलं. नीट नाही सांगितलं, खोबरेल आधी आणि दसरा नंतर, मध्येच आईची बाटली, मध्येच कापसाच्या काड्या. पण सांगितलं. मग डॉक्टरांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात दडवलं.

आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आणि शुक्रवारी लिवलंस. शनवारी बी लिवलंस."

"हो."

ते उठले आणि शेडबाहेर गेले. मी वही बंद करून बाकावर ठेवली, पेन तिच्यावर ठेवलं आणि सायकलकडे निघाले. म्हटलं, सोडायला येण्याचे कष्ट तरी कशाला.

"कुठं निघालीस?" आबांनी हटकलं. ते घागरीतलं पाणी पीत होते. "रॉकेल आण शेडमधलं. आणि फडकं. खोलायची हाय ती."

आत सरांचा आणि डॉक्टरांचा वाद चालला होता. सरांचं म्हणणं, परीक्षेत आजारी पडलं तरी गुण पडतात तेच पडतात. डॉक्टरांचं म्हणणं, तेल काही रायफलीनं स्वतः प्यायलं नाही, तिला पाजलं, तर दोष तिचा कसा? खरं म्हणजे सही झाली असती तर रायफल त्यांचीच राहणार होती. तरी तेच भांडत होते. शेवटी पुढच्या रविवारी परत दीडशे दीडशे गोळ्या असं ठरलं.

आबांनी बाईसाहेबांना खोललं. आतून पांढरंशुभ्र निघालं, कढवून थिजलेल्या तुपासारखं, आणि त्यात दाण्यादाण्यानं दारूची काजळी रुतलेली. आबांनी बोटावर घेऊन ते बराच वेळ बघितलं.

"किती घातलंस गं हे?"

"बरंच."

"बाळंतिणीला बी एवढं लावत न्हाईत."

तासभर आम्ही एकेक भाग रॉकेलात धुतला. ते फक्त भागाचं नाव आणि कंपनी बंद पडल्यामुळं तो आता मिळत नाही, एवढंच सांगत होते. मी पुसून फडक्यावर ओळीनं मांडत होते. मध्येच एका बारीक पोलादी आकड्याला, म्हणजे जो रिकामं काडतूस धरून बाहेर ओढतो त्याला, माझं नख लागलं. त्याचं टोक झिजलेलं होतं आणि एका बाजूला कुणीतरी कानशीनं घासून सारखं केलेलं. मी आबांकडे बघितलं. त्यांनी तो आकडा माझ्या हातातून घेतला आणि जागेवर बसवला.

सगळी जोडून झाल्यावर म्हणाले, "वहीत माझी चूक पन लिव्ह. दुसऱ्याच्या हातात दिली आन् परत उघडून बघितली न्हाई. हयगय ती हीच."

मी लिहिलं. रेंजचं दार बंद करण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मग मीही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी थंडी आणखी होती, गवतावरचं दहिवर आठ वाजेपर्यंत हललं नाही. बाईसाहेबांनी दीडशे गोळ्या झाडल्या आणि दीडशे काडतुसं उडवली. एकही अडली नाही. शेवटच्या दहा गोळ्या डॉक्टरांनी झाडल्या आणि दहावं काडतूस उडाल्यावर त्यांनीच टाळी वाजवली. डॉक्टरांची पुन्हा एकदा अडली, एकदाच. नेमाचं म्हणाल तर डॉक्टरांच्या पाच गोळ्या दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जात होत्या आणि बाईसाहेबांच्या पाचांना माझी बांगडी लागत होती. पण पत्रा बशीएवढा, दोघींना पुरे. आबांच्या चालीत फरक पडला होता. शेडपासून बांधापर्यंत ते उगाचच दोनदा जाऊन आले.

इंजल सर म्हणाले, विश्वासाला आबांची सरस, नेमाला डॉक्टरांची सरस पण आपल्याला तेवढा नेम लागत नाही. डॉक्टर म्हणाले, आबांचीच ठेवा, विषय संपला. बाकीचे माना डोलवायला लागले. एकजण तर चहा सांगायला उठला. सर सगळ्यांवरून नजर फिरवत फिरवत माझ्यापाशी आले आणि थट्टेनं म्हणाले, "कारकूनबाई, आता सही करू का?"

आधीच्या रविवारी बोलताना मला भीती वाटली होती. ती या वेळच्यापुढं काहीच नव्हती. तेव्हा मला वाटत होतं, आबा मला हाकलतील. आता ते माझ्याकडे हसून बघत होते.

"नको, सर," मी म्हणाले. "डॉक्टरांची ठेवा."

चहा सांगायला निघालेला माणूस दारातच थांबला.

"का?" आबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी म्हणाले, काडतूस ओढायचा आकडा झिजलाय. कंपनी बंद झालीय, सुटा भाग मिळत नाही. गोळ्या भरायचं मॅगझिन एकच आहे, तेही मिळत नाही. आणि दस्ता लांब आहे, सातवी-आठवीतल्या मुलांचा हात पुरत नाही, मला स्वतःला मान ताणावी लागते. नवी दीडशेत एकदा अडते, पण मोडली तर दुरुस्त होते.

आबांनी विचारलं, "आकडा किती दिवस चालंल म्हनतीस?"

"तुम्हाला माहीत आहे, आबा. तुम्हीच घासलाय तो."

शेडमध्ये कुणीतरी "अगं" म्हणालं. आबांनी त्या दिशेनं नुसता हात केला.

"उद्या मोडंल," ते म्हणाले. "न्हाईतर धा वर्सं चालंल. सांगता येत न्हाई." मग म्हणाले, "लिव्ह. नुसतं नाव लिवू नगंस, कारनासकट लिव्ह. आकडा झिजलेला. लिवलंस? सुटं भाग न्हाईत. मॅगझिन एक. दस्ता पोरांना लांब." प्रत्येक कारण ते हळू, शुद्धलेखन घालावं तसं सांगत होते. शेवटी म्हणाले, "आन् खाली लिव्ह, दीडशे पैकी दीडशे."

मग त्यांनीच पहिली सही केली.

बाईसाहेब जानेवारीत कोल्हापूरला गेल्या. डॉक्टरांनी गाडी काढली, आबा पुढं बसले, मी मागं, आणि माझ्या शेजारी सीटवर आडवी, कापडी म्यानात, बाईसाहेब. मला का नेलं ते आबांनी सांगितलं नाही. वहीतल्या नोंदींची नक्कल माझ्याकडे होती म्हणून असेल. उत्तूरच्या चढाला त्यांनी एकदाच मागं वळून म्यानाची गाठ बघितली.

दुकान जुनं होतं, काचेच्या कपाटात बंदुकाच बंदुका. मालकांनी बाईसाहेबांना वर-खाली बघितलं, दस्त्यावरून हात फिरवला, मान हलवली. कागद भरता भरता त्यांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, चालते ना नीट? का नुसती भिंतीवर टांगायची?"

आबांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

मी सांगितलं. दीडशे पैकी दीडशे उडाल्या. पाच गोळ्यांचा नेम बांगडीत बसतो. आकडा झिजलेला आहे, कानशीनं घासलाय, घेणाऱ्याला आधी सांगा. त्याच्याआधी एकोणीस वेळा अडली होती, पण तो दोष तिचा नव्हता, तिच्या पोटात मी खोबरेल घातलं होतं.

मालकांनी पेन खाली ठेवलं. विकायला आलेल्याकडून हत्याराचा दोष ऐकायची त्यांना सवय नसावी. त्यांनी आबांना विचारलं, "नात का तुमची?"

"न्हाई. कारकून हाय आमची," आबा म्हणाले. त्यांनी बाईसाहेबांच्या दस्त्यावर हात ठेवला होता आणि तो काढायची त्यांना घाई नव्हती. "हिच्यावर डोळं झाकून इस्वास ठेवा. सांगायला चार दिवस लावती, पर खोटं सांगत न्हाई."

"चार नाही, आबा, तीन," मी म्हणाले. "गुरुवार दुपार ते रविवार सकाळ."